‘टेक ओव्हर’ : इंग्रजीत एक, मराठीत अनेक

आमच्या मंडळाच्या एका वार्षिक अहवालाचा मसुदा आधी इंग्रजीत तयार झाला होता. त्यातील ‘न्यू कमिटी टुक ओव्हर’ या वाक्याचे मराठीत ‘नव्या कार्यकारिणीने मंडळाचा ताबा घेतला’ असे रूप झाले. जुने पदाधिकारी दुखावले, आणि ते रास्तच होते. त्यांनी आपणहून सोपवलेले काम कोणी हिसकावून घेतले, असा त्या वाक्याचा सूर होता. आपली मुले बहुतेक इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठीही या क्रियापदाचे मुख्य अर्थ येथे देत आहोत.

१. पद किंवा काम स्वीकारणे : पदभार स्वीकारणे, सूत्रे हाती घेणे, जबाबदारी उचलणे. मालेराव होळकरांच्या निधनानंतर १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. येथे ‘ताबा’ शोभत नाही.

२. बळाने सत्ता घेणे : सत्ता बळकावणे, कब्जा करणे. १९९९ मध्ये पाकिस्तानात लष्कराने सत्ता बळकावली. संस्थानांच्या बाबतीत आपल्याकडे ‘खालसा करणे’ हा नेमका शब्द आहे. कंपनी सरकारने सातारा १८४८ मध्ये, तर झाशी १८५४ मध्ये खालसा केली.

३. उद्योग विकत घेणे : ताब्यात घेणे, अधिग्रहण करणे. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही युरोपीय पोलाद कंपनी ताब्यात घेतली. व्यवहार रीतसर असल्याने येथे ‘बळकावली’ म्हणू नये.

४. थोड्या वेळापुरते काम घेणे : इंदूरहून पुण्याला जाताना दमलेला चालक म्हणतो, ‘आता गाडी तू घे.’ येथे घरगुती ‘घेणे’ पुरते.

५. जागा घेणे : पत्राची जागा मोबाइलने घेतली.

६. व्यापून टाकणे : मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजते, चिंता मनाला ग्रासते. भीतीबाबत मात्र ‘मनाचा ताबा घेतला’ हे मराठीतही सहज बोलले जाते.

व्याकरणाच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्याच्याकडून काम घेतले त्याच्या नावाआधी ‘फ्रॉम’ येते. सर्वनाम दोन शब्दांच्या मध्ये बसते : ‘टेक इट ओव्हर’ बरोबर, ‘टेक ओव्हर इट’ चूक. नाम म्हणून वापरताना ‘टेकओव्हर’ असा एकच शब्द होतो आणि तो बहुधा कंपनी किंवा सत्ता यांच्या संदर्भातच येतो. ‘ओव्हरटेक’ वेगळा, त्याचा अर्थ मागे टाकून पुढे जाणे.

इंग्रजी शब्द अहिल्याबाईंना आणि झाशी घेणाऱ्या कंपनी सरकारला सारखाच लागू पडतो. मराठीत मात्र आपल्याला ठरवावेच लागते : समोरच्याने दिले, की आपण घेतले? हक्काने, पैशाने, की जोराने? भाषांतर करण्यापूर्वी मुलांना हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले की शब्द आपोआप सापडतो.

आमच्या अहवालातील ते वाक्य आम्ही पुढे असे दुरुस्त केले : ‘मावळत्या कार्यकारिणीने नव्या कार्यकारिणीकडे कार्यभार सोपवला.’