गप्प बसलेली डिस्क: मेली की दमली?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझ्या पीएचडीचा विषय नेहमीच्या वाचकांना माहीत आहे: संगणक यंत्रणा कशा बिघडत आल्या आणि त्या दुरुस्त करणारी माणसं त्यातून काय शिकत गेली, याचा इतिहास. विषय सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "बिघाडाचा कसला आलाय इतिहास?" आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या विभागात तीन सर्व्हर आणि शेजारी स्टोरेजची एक पेटी, एवढाच संसार. तिन्ही सर्व्हरवर केव्हीएम चालायचं, म्हणजे एका खऱ्या मशीनच्या पोटात आठ-दहा व्हर्च्युअल मशीन. अशा खऱ्या मशीनला होस्ट म्हणतात. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क मात्र होस्टमध्ये नव्हत्या, सगळ्या त्या पेटीत होत्या. हेच ते शेअर्ड स्टोरेज. सोय अशी की एक होस्ट पडला तर त्याच्यावरची मशीन दुसऱ्या होस्टवर चालू करता येतात, डेटा हलवावा लागत नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी दोन नंबरचा होस्ट स्क्रीनवर लाल झाला. पिंग नाही, लॉगिन नाही. सिस्टीम सांभाळणारे दादा गावी गेलेले. आमच्या एका सीनियर ताईंचं मशीन नेमकं त्याच होस्टवर, आणि सोमवारी त्यांना प्रकरणाचा मसुदा द्यायचा होता. मी ठरवून टाकलं, होस्ट मेला. ताईंचं मशीन तीन नंबरवर चालू केलं. दोन मिनिटांत उठलं. मी खूश.

शनिवारी सकाळी ताईंचा फोन आला. "अगं, फाइलींची नावं दिसतायत, पण आत सगळा कचरा आहे."

होस्ट मेलाच नव्हता. त्याची देखरेखीच्या नेटवर्कची केबल स्विचमध्ये सैल झाली होती. स्टोरेजकडे जाणारी केबल वेगळी, आणि ती ठणठणीत होती. म्हणजे ताईंचं मशीन दोन नंबरवर आरामात चालू होतं, डिस्कवर लिहीत होतं, फक्त मला दिसत नव्हतं. मी त्याच डिस्कवर दुसरं तेच मशीन आणून बसवलं. शेवटचा चांगला बॅकअप १९ दिवसांपूर्वीचा होता. मधलं सगळं गेलं. ताई एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दोन मशीननी एका डिस्कवर लिहिलं तर एवढं काय बिघडतं? किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. दोन भाऊ ती वापरतात, पण दर वेळी उघडून बघत नाहीत. चाळिसावं पान कोरं आहे हे दोघांच्याही डोक्यात पक्कं आहे. पहिल्यानं त्यावर जोशींची उधारी लिहिली, दुसऱ्यानं त्यावरच शिंद्यांची. दोघांचाही हिशोब आपापल्या डोक्यात बरोबर, वहीत मात्र गिचमीड. ऑपरेटिंग सिस्टीम असंच करते. डिस्कवर कुठली जागा मोकळी आहे याचा हिशोब ती स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि डिस्क आपल्या एकटीची आहे असं धरून चालते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसं साध्या फाइल सिस्टीमवर दोन मालक राहत नाहीत.

त्या शनिवारनंतर मी जुनी कागदपत्रं वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. लक्षात आलं की माझी चूक फार जुन्या घराण्यातली आहे.

व्हर्च्युअल मशीनचा जन्म क्लाउडच्या काळात झाला असं पुष्कळांना वाटतं. खरं तर १९६४ च्या अखेरीस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे, आयबीएमच्या सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी यांच्या गटानं सीपी-४० नावाचं काम हाती घेतलं. सिस्टीम/३६० मॉडेल ४० या मशीनमध्ये फेरफार करून त्यांनी एका संगणकावर १४ आभासी संगणक चालवले. जानेवारी १९६७ मध्ये ते रोजच्या वापरात आलं. पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही त्याचीच वंशावळ.

या यंत्रणेत 'मिनीडिस्क' ही कल्पना होती. खऱ्या डिस्कचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला एकेक तुकडा द्यायचा. दुसऱ्याची मिनीडिस्क आपल्या मशीनला जोडून घेता येई. फक्त वाचायला घेतली तर काही त्रास नाही. लिहायला घ्यायची तर आधी कोणी लिहितंय का, हे यंत्रणा तपासे. पण आधी कोणी लिहीत असलं तरी दुसऱ्यालाही लिहू द्या, असा एक पर्यायही होता. सीएमएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमची साधी मिनीडिस्क दोघांनी अशी लिहायला घेतली, की ती खराब होण्याची वाट मोकळी. आयबीएमच्या मॅन्युअलांमध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना असे. म्हणजे बघा, मी जे शुक्रवारी संध्याकाळी केलं, त्याविरुद्धची पाटी माझ्या जन्माच्या कितीतरी आधी लावलेली होती.

इथवर सगळा कारभार एकाच खऱ्या मशीनमध्ये होता. कोण लिहितंय हे सांगायला वर एक मालक बसलेला होता. डिस्क अनेक खऱ्या मशीनमध्ये वाटली गेली तेव्हा हा मालक गेला, आणि खरा पेच सुरू झाला.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं व्हॅक्सक्लस्टर जाहीर केलं. अनेक व्हॅक्स संगणक, आणि सगळ्यांनी मिळून वापरायच्या डिस्क. कुलपं कोणाकडे आहेत याचा हिशोब सगळी मशीन आपसात ठेवत. पण मधली तार तुटली आणि दोन गट पडले, तर? प्रत्येक गटाला वाटणार, पलीकडचे मेले, आता डिस्क आपली. यावरचा त्यांचा तोडगा मतदानाचा होता, त्याला कोरम म्हणतात. तीन मशीन, प्रत्येकी एक मत, काम चालू ठेवायला किमान दोन मतं हवीत. एकटं पडलेलं मशीन जिवंत असूनही जागच्या जागी थांबे. वापरणाऱ्याला वाटे सिस्टीम हँग झाली, पण ती मुद्दाम थांबलेली असे. याहून कडक नियम पुढे होता: बराच वेळ तुटलेलं मशीन परत आलं आणि आपल्याला वगळून बाकीचे पुढे गेलेत असं त्याला कळलं, तर ते स्वतःहून क्रॅश होई. कारण त्याच्या मेमरीतली वही आता जुनी झालेली.

त्याच सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सचं एनएफएस आलं. त्यात फाइली नेटवर्कवरून वाटल्या जात. सर्व्हर उत्तर देईनासा झाला की स्क्रीनवर संदेश येई: सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू आहे. इथे प्रशासकाला दोनातून एक निवडावं लागे. 'हार्ड' जोडणी केली तर प्रोग्रॅम उत्तर येईपर्यंत थांबून राहणार, रात्रभर लागली तरी. 'सॉफ्ट' केली तर काही प्रयत्नांनंतर चूक कळवून मोकळा होणार, मग अर्धवट लिहिलेल्या फाइलीचं जे होईल ते होवो. दोन्हींत नुकसान आहेच, कुठलं सोसायचं ते आधी ठरवायचं.

१९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी या पेचाचं गणित मांडलं. संदेश पोचायला किती वेळ लागेल याला काही मर्यादाच नसेल आणि एक जरी मशीन बंद पडू शकत असेल, तर सगळ्यांचं नक्की एकमत होईलच अशी हमी देणारी कुठलीही ठरीव पद्धत असू शकत नाही. याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे: गप्प बसलेलं मशीन मेलंय की नुसतं दमलंय, हे बाहेरून खात्रीनं सांगता येत नाही. माझ्या संशोधनाचा सगळा सारांश या एका वाक्यात आहे म्हटलं तरी चालेल. नंतरच्या प्रत्येक पिढीनं या प्रश्नाला टाइमआउट लावून उत्तर दिलं. आणि टाइमआउट म्हणजे शेवटी अंदाजच.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डिस्को नावाचा प्रकल्प झाला आणि त्यातल्याच मंडळींच्या सहभागानं १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी उभी राहिली. २००३ मध्ये त्यांनी व्हीमोशन आणलं: चालू व्हर्च्युअल मशीन न थांबवता एका होस्टवरून दुसऱ्यावर न्यायचं. जायची फक्त मेमरी, डिस्क जागेवर. त्यासाठी दोन्ही होस्टना एकच डिस्क दिसायला हवी. त्यामुळे शेअर्ड स्टोरेज ही घराघरातली गरज झाली आणि जुना पेच नव्या गावात राहायला आला.

व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक होस्ट डिस्कवरच ठरावीक जागी आपली 'हार्टबीट' लिहीत राहतो, म्हणजे "मी आहे" असा शिक्का. शिक्का जुना दिसला तरच दुसरा होस्ट त्याचं कुलूप तोडतो. सुरुवातीला फाइल सिस्टीमच्या नोंदी बदलताना होस्ट क्षणभर अख्खी डिस्क स्वतःसाठी राखून ठेवायचा. होस्ट वाढले की सगळे एकमेकांची वाट अडवायचे आणि मशीन कारणाशिवाय मंद झाल्यासारखी वाटायची. २०१० मध्ये यावर एटीएस नावाची पद्धत आली. तिच्यात पूर्ण डिस्कऐवजी एकच ब्लॉक तपासून बदलायचा: "इथे अमुक लिहिलेलं असेल तरच तमुक लिही."

झकास, नाही का? पण २०१४ मध्ये हीच पद्धत हार्टबीटसाठीही वापरायला घेतली आणि काही ठिकाणी होस्टच्या हातून डिस्क निसटायला लागल्या. कारण ऐका. स्टोरेज कामाच्या ओझ्यानं दमलेलं. होस्टनं शिक्का मारायला सांगितलं, स्टोरेजनं मारलाही, पण पोचपावती यायला उशीर झाला. होस्टला वाटलं काम झालं नाही, म्हणून त्यानं जुनीच अट घालून पुन्हा विचारलं. अट अर्थातच जुळेना, कारण तिथे आता त्याचाच नवा शिक्का होता! स्वतःचीच सही ओळखू न आल्यामुळे होस्टनं ठरवलं, कुलूप गेलं. अशा ठिकाणी हार्टबीटपुरतं एटीएस बंद करा, असा सल्ला द्यावा लागला.

हळूहळू शब्द नेमके होत गेले. २०११ पासून व्हीएमवेअरमध्ये दोन अवस्था वेगळ्या धरल्या जाऊ लागल्या. एक, स्टोरेज स्वतःच सांगतं की ही डिस्क कायमची गेली. दुसरी, सगळे रस्ते बंद आहेत आणि कोणी काहीच सांगत नाही. पहिलीत निर्णय सोपा. दुसरीत पूर्वी होस्ट अनंतकाळ प्रयत्न करत राही आणि त्यातच त्याचा देखरेखीचा प्रोग्रॅमही अडकून बसे. २०१२ पासून अशा प्रयत्नांना मर्यादा आली, मुळात १४० सेकंदांची. का १४०? कुठेतरी थांबायला हवं म्हणून. तोही अंदाजच.

लिनक्सच्या जगात यावरचा उपाय जास्त रोखठोक आहे. त्याला फेन्सिंग म्हणतात. दुसरं मशीन मेलंय की जिवंत आहे हे कळत नसेल, तर आधी त्याची वीज तोडा, मग त्याचं काम उचला. ऐकायला क्रूर वाटतं, पण गणिताच्या दृष्टीनं प्रामाणिक आहे. उत्तर माहीत नाही ना? मग उत्तर एकच उरेल असं करा.

आता तुमच्यापैकी कोणाच्या ताब्यात असे दोन-चार होस्ट असतील, तर या इतिहासातून मी काय उचललं ते सांगते. होस्ट लाल दिसला की पहिला प्रश्न: त्याचं कुठलं नेटवर्क गप्प आहे, देखरेखीचं की स्टोरेजचं? ही दोन वेगळी आहेत. दुसरं, एकाच बाजूनं बघून ठरवू नका. होस्ट काय म्हणतो, स्विचवरचं पोर्ट काय म्हणतं आणि स्टोरेजच्या पेटीवर त्या होस्टचं वाचन-लेखन दिसतंय का, तिन्ही बघा. त्या शुक्रवारी मी पेटीचं पान उघडलं असतं, तर दोन नंबरचं लेखन चालू असल्याचं एका मिनिटात दिसलं असतं. तिसरं, तिन्हींची घड्याळं जुळलेली ठेवा, नाहीतर पहिली चूक कुठे झाली हे लॉगमधून कळणारच नाही. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: दुसरीकडे मशीन चालू करण्याआधी पहिला होस्ट बंद आहे अशी समजूत पुरेशी नाही. तो तुमच्या हातानं बंद करा. जमलं नाही तर उठून जा आणि वायर काढा.

आमच्याकडे आता कुलपांची व्यवस्था बसवली आहे. एकच डिस्क दोन होस्टवर उघडायला गेलं की दुसऱ्याला सरळ नकार मिळतो. बॅकअप रोज रात्री होतो, आणि महिन्यातून एकदा तो परत उतरवून बघतो. ताईंनी ते १९ दिवसांचं काम पुन्हा केलं. त्यांचा प्रबंध झाला, ऋणनिर्देशात माझं नावही आहे. त्या पानाकडे बघताना मला अजून थोडं अवघडायला होतं.

तर बिघाडाचा इतिहास कशाला? आपण नव्यानं केलेली चूक कोणीतरी आधीच करून, तिच्यावर पाटी लावून ठेवलेली असते, म्हणून. ती पाटी शोधून पुसून-बिसून पुन्हा वाचता येईल अशी करणं, हे माझं काम. तुमच्याकडे अशी एखादी शुक्रवार संध्याकाळ असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या वेळी व्हॅक्सक्लस्टरच्या कुलपांबद्दल सविस्तर लिहिते.