स्कायरिममधील पात्ररचना
बेथेस्डा गेम स्टुडिओजच्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील ‘स्कायरिम’ (११ नोव्हेंबर २०११) या मुक्तविश्व व्हिडिओ गेममध्ये खेळाडूने आपले पात्र घडविण्याची पद्धती. सुरुवातीला हेल्गेन या गावी, शिरच्छेदासाठी आणलेल्या कैद्याच्या रूपात, १० वंशांपैकी एक निवडून चेहरा व नाव ठरवावे लागते. वंशानुसार जन्मजात गुण मिळतात : नॉर्डांना थंडीच्या माऱ्यापासून ५०%, तर ब्रेटनांना जादूपासून २५% संरक्षण असते. मालिकेतील आधीच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) लागे तसा योद्धा, जादूगार असा वर्ग येथे निवडावा लागत नाही. युद्ध, जादू व चोरटेपणा या तीन गटांत मिळून १८ कौशल्ये असून ती वापराने वाढतात. ढालीवर वार झेलले, की ढालीचे कौशल्य वाढते. या वाढीतून पात्राची पातळी चढते. प्रत्येक पातळीला आरोग्य, मॅजिका (जादूसाठीची शक्ती) किंवा दम यांपैकी एकात १० गुणांची भर घालता येते आणि एक ‘पर्क’ (कौशल्याशी निगडित विशेष क्षमता) मिळतो. पर्कची निवड निर्णायक ठरते : लपून कट्यारीने केलेला वार योग्य पर्कमुळे नेहमीच्या १५ पट घातक होतो. २०१३ मधील सुधारणेनुसार १०० पर्यंत पोहोचलेले कौशल्य पुन्हा १५ वर आणून त्यातील पर्क परत मिळविता येतात. त्यामुळे पातळीवाढीला मर्यादा उरली नाही.