दुखण्याआधीचे किरण

भाईंदरच्या आमच्या खारी गावातून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांच्या पिशवीत डबा असतो, फायली असतात आणि एक्स-रेही असतो.

1895 साली राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. पत्नीच्या हाताची हाडे त्यांनी त्यात पाहिली. टाटा रुग्णालय 1941 साली उघडले. कर्करोग हाडांत पसरला की किरण द्यायचे ते मुख्यतः वेदना शमवण्यासाठी. अनेकदा 8 ग्रेची एकच मात्रा पुरते. पण दुखल्यावर! माझ्या फुफीचा खुबा आधी मोडला, किरण मागून आले.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी हा क्रम उलटा करून पाहिला. न दुखणाऱ्या, पण धोक्याच्या जागच्या हाडांना त्यांनी आधीच किरण दिले. 78 रुग्णांचा हा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात हाड मोडण्यासारखे संकट किरण दिलेल्या 62 पैकी एकाच जागी आले. न दिलेल्या 49 पैकी 14 जागी.

अभ्यास लहान आहे, सर्वांना तो लागू नाही. रोगही याने मुळातून जात नाही. पण तहान लागण्याआधी विहीर खणली, तर उरलेल्या दिवसांत माणूस मोरीपर्यंत आपल्या पायांनी जातो. गरिबाघरी हे सुख लहान नसते.