परवानगीचा प्रश्न : अँड्रॉइड भ्रमणध्वनीतील खासगीपणाच्या नियंत्रणाचा इतिहास (२००८ ते २०२३)

प्रस्तावना

नवे ॲप उघडताच ‘या ॲपला तुमचे संपर्क पाहू द्यायचे का?’ असा प्रश्न भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो आणि अनेकदा तो न वाचताच होकार दिला जातो. हा प्रश्न कोणी विचारावा, कोणत्या क्षणी विचारावा आणि नकार मिळाल्यास पुढे काय व्हावे, या तीन बाबींवर अँड्रॉइड कार्यप्रणालीच्या इतिहासात बराच संघर्ष झाला आहे. प्रस्तुत लेखात त्या संघर्षाचा मागोवा घेतला आहे. प्रश्न विचारण्याची पद्धत सुधारत गेली, तरी नकार देण्याचे सामर्थ्य त्या प्रमाणात वाढले नाही, असे या मागोव्यातून दिसते.

एकगठ्ठा परवानगीचा काळ

अँड्रॉइडवर चालणारा पहिला संच, एचटीसी कंपनीने बनवलेला ‘टी-मोबाइल जी-१’, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. लिनक्सच्या पायावर उभ्या असलेल्या या कार्यप्रणालीत प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो; त्यामुळे एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या माहितीला हात लावता येत नाही. संपर्कयादी, लघुसंदेश, भौगोलिक स्थान अशा सामाईक गोष्टींसाठी मात्र ॲपला परवानगी घ्यावी लागे. रचना तत्त्वतः उत्तम होती. अडचण होती ती मागण्याच्या वेळेत. ॲप संचात घेतानाच परवानग्यांची संपूर्ण यादी पुढे ठेवली जाई. ती सगळी मान्य करावी, अन्यथा ॲपच सोडून द्यावे. निवडक नकाराची सोय नव्हती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ॲप घेताना अवघे १७ टक्के सहभागी या यादीकडे लक्ष देत असल्याचे आढळले. परवानग्यांच्या अर्थासंबंधीच्या तिन्ही प्रश्नांची अचूक उत्तरे देणाऱ्यांचे प्रमाण इंटरनेट-सर्वेक्षणात ३ टक्के होते. याचा दोष वापरकर्त्यांच्या आळसावर टाकणे सोपे आहे. परंतु ज्या प्रश्नाला एकच उपयोगी उत्तर आहे, तो कोणी काळजीपूर्वक का वाचावा?

‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ या ॲपचे प्रकरण या काळाचे प्रातिनिधिक उदाहरण होय. भ्रमणध्वनीचा दिवा लावणे एवढेच काम असलेले हे ॲप कोट्यवधी वेळा उतरवून घेतले गेले होते. वापरकर्त्याचे नेमके स्थान आणि संचाचा ओळखक्रमांक ते जाहिरात कंपन्यांसह इतरांना पुरवत असल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तडजोड झाली. ॲपच्या अटींखाली नकाराचा पर्याय दाखवला होता. मात्र वापरकर्त्याने काही निवडण्यापूर्वीच माहिती बाहेर जाऊ लागे, असे तक्रारीत नमूद आहे.

वापरकर्त्यांनी केलेली दुरुस्ती

अँड्रॉइडची मूळ संहिता खुली असल्याने काही जाणकारांनी दुरुस्ती स्वतःच हाती घेतली. स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेल्या ‘सायनोजेनमॉड’ या पर्यायी आवृत्तीत २०११ मध्येच दिलेली परवानगी काढून घेण्याची सोय झाली होती. तिच्यात एक उणीव राहिली. परवानगी नाकारली जाऊ शकते असे गृहीत धरून ॲप लिहिलेलेच नसत. त्यामुळे नकार मिळताच ते बंद पडत. २०१३ मधील ‘प्रायव्हसी गार्ड’ने यावर साधा तोडगा काढला. संपर्कयादी मागणाऱ्या ॲपला नकार कळवण्याऐवजी रिकामी यादी द्यायची. ॲप चालू राहते आणि माहितीही हाती राहते. मात्र अशी आवृत्ती संचात घालण्यासाठी मूळ कुलूप उघडावे लागे; त्यात संच निकामी होण्याचा धोका असे आणि हमीवर पाणी सोडण्याची वेळ येऊ शके. शिवाय बँकांची अनेक ॲप अशा बदललेल्या संचावर चालण्यास नकार देतात. आपल्या खासगीपणाची सर्वाधिक काळजी घेणारा ग्राहकच बँकेच्या लेखी अविश्वसनीय ठरावा, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

जुलै २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.३ मध्ये ‘ॲप ऑप्स’ नावाचा छुपा पडदा आढळला. त्यातून एकेक परवानगी बंद करता येत होती. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्याचे स्वागत केले. डिसेंबरमधील ४.४.२ आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. तो चुकून बाहेर पडला होता, असे गूगलचे स्पष्टीकरण होते. ॲपलने त्याआधीच, सप्टेंबर २०१२ मधील आयओएस ६ पासून, संपर्कयादीसाठी प्रत्यक्ष वापराच्या क्षणी विचारणा सुरू केली होती.

प्रश्नाची वेळ बदलली

ऑक्टोबर २०१५ मध्ये अँड्रॉइड ६.० म्हणजे ‘मार्शमॅलो’ आले आणि संवेदनशील परवानग्या वापराच्या वेळी, एकेक करून मागितल्या जाऊ लागल्या. दिलेली परवानगी मागे घेणेही शक्य झाले. इंटरनेट वापरण्याची परवानगी मात्र ‘सामान्य’ गटात टाकली गेल्याने तिच्याविषयी वापरकर्त्याला विचारलेच जात नाही. माहिती ज्या दाराने बाहेर जाते, त्या दारावर पहारा नाही.

या सुधारणेचा प्रसारही मंद होता. जानेवारी २०१६ मध्ये मार्शमॅलो चालवणाऱ्या संचांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. स्वस्त संच घेणाऱ्या भारतीय ग्राहकाला नवी आवृत्ती बहुधा नव्या संचाबरोबरच मिळे. त्यात आणखी एक पळवाट होती. ॲप जुन्या आवृत्तीसाठी लिहिले आहे असे घोषित केल्यास नव्या संचावरही जुनी एकगठ्ठा पद्धत लागू होई. नव्या ॲपनी अलीकडच्या आवृत्तीचाच आधार घ्यावा, अशी अट गूगलच्या दुकानात ऑगस्ट २०१८ पासून लागू झाली.

मराठी भाषकांच्या दृष्टीने २०१४ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षीच्या अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी ही कार्यप्रणालीची भाषा म्हणून समाविष्ट झाली. येथे शब्दयोजनेकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. मराठीत ‘परवानगी’ हा अधिकार असलेल्याने द्यायचा शब्द आहे. गरजवंत देतो ती फार तर संमती. पडद्यावरील शब्द वापरकर्त्याला अधिकारी मानतो. व्यवहारात चित्र बहुधा उलटे असते, आणि ते कर्ज देणाऱ्या ॲपच्या बाबतीत सर्वाधिक विदारक रूपात दिसले.

गरज आणि नकार

तातडीचे छोटे कर्ज देणारी अनेक ॲप संपर्कयादी आणि छायाचित्रे मागत. हप्ता थकला की कर्जदाराच्या नातेवाइकांना, सहकाऱ्यांना दूरध्वनी करून बदनामी केली जाई. येथे प्रश्न योग्य वेळी आणि स्पष्ट शब्दांत विचारला गेला होता; परंतु पैशांची निकड असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे परवडत नव्हते. शिवाय यादीतील माणसांना तर कोणीच विचारले नव्हते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये कार्यगट नेमला. भारतीय अँड्रॉइड वापरकर्त्यांना उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्ज-ॲपपैकी ६०० बेकायदा असल्याचे त्याच्या अहवालात नोंदवले गेले. सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी संचातील फाइली, संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावण्यास कर्ज-ॲपना मनाई केली. कॅमेरा, ध्वनिग्राहक आणि स्थान यांचा वापर ग्राहकनोंदणीपुरता, एकदाच आणि स्पष्ट संमतीने करण्यास मुभा ठेवली. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्ज-ॲपना संपर्क व छायाचित्रे मागण्यास बंदी घातली.

पंधरा वर्षे वापरकर्त्याला विचारण्याच्या पद्धती घडवल्या गेल्या. या एका क्षेत्रात मात्र विचारण्यालाच मनाई करावी लागली. ही मनाई गूगलच्या दुकानापुरती आणि रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील संस्थांपुरती आहे. संदेशातील दुव्यावरून थेट उतरवलेल्या ॲपपुढे आजही फक्त तोच जुना प्रश्न उभा असतो, आणि त्याचे उत्तर कर्ज हवे असलेल्या माणसाने द्यायचे असते.