‘सेवा’ म्हटलं की छळ दिसत नाही

कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ म्हटला की आपल्याला मुंबई-पुण्याची ऑफिसं आठवतात. आमच्या मालवण किनारपट्टीवर हा इतिहास देवळापासून सुरू होतो.

1880 च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये भाविणींची नोंद आहे. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती हे त्यांचं काम. देवाला वाहिलेली म्हणून तिला संसार नाही, गावातल्या वजनदार पुरुषांना मात्र ती उपलब्ध. काम आईकडून लेकीकडे जायचं. याला कुणी छळ म्हटलं नाही, ‘सेवा’ म्हटलं. तक्रार करणार कुणाकडे? मालकच देव! (भाविणींच्या नातवंडांना आजही टोमणे मारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, लाज वाटायची तर ती वापरणाऱ्यांना वाटायला हवी होती.) 1934 च्या देवदासी संरक्षण कायद्याने मुंबई इलाख्यात मुली वाहणं बेकायदा ठरलं. मालवण इलाख्यात होतं, शेजारची सावंतवाडी संस्थानात. इलाख्याचा कायदा तिथे आपोआप चालत नसे.

खालच्या जातीची बाई कामासोबत आपल्याला मिळालेलीच आहे, ही समजूत देवळापुरती नव्हती. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी कुंभार समाजाच्या, सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या ‘साथिन’. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाही, हा तर्क त्या निकालात होता. पाणवठ्यावर विटाळ मानणारे अंधारात मानत नाहीत, हे आमच्या आज्यांना माहीत होतं. न्यायाधीशांना नव्हतं!

याच प्रकरणातून ‘विशाखा’ याचिका उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली, 2013 मध्ये कायदा झाला. अमेरिकेतही 1986 चा महत्त्वाचा निकाल मिशेल विन्सन या बँकेत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीने मिळवला. दोन्हीकडे लढल्या कोण, बघा. आणि ऑफिसातल्या समितीत बसतं कोण?

आमच्याकडच्या बाया काजूच्या छोट्या कारखान्यांत, मासळी बाजारात, होमस्टेमध्ये, लोकांच्या घरी राबतात. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर कायद्यात जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकामगारही तिथे जाऊ शकतात. वस्तीतल्या बैठकीत आम्ही विचारतो, हे कुणाला ठाऊक आहे? हात वर होत नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनो, बाई बोलायला लागली की आधी घटनेची तारीख विचारा. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तिला लिहिता येत नसेल, तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे.