'बुद्ध' या शब्दाचा प्रवास

अंगुत्तरनिकायात द्रोण नावाच्या ब्राह्मणाचा प्रसंग आला आहे. आपण देव आहात, गंधर्व आहात, यक्ष आहात की मनुष्य, असे तो तथागतांस विचारतो. या सर्व संज्ञा नाकारून तथागत स्वतःस केवळ 'बुद्ध' म्हणवितात. 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे. या धातूपासून सिद्ध झालेला हा शब्द मुळात व्यक्तिनाम नसून जागृत अवस्थेचा वाचक आहे. परकीय भाषांत त्याचे काय झाले, हे पाहणे आम्हांस उद्बोधक वाटते.

मध्य आशियातून हा शब्द 'बुत' होऊन फारसीत आला आणि त्याचा अर्थ 'मूर्ती' असा झाला. बामियानच्या ५५ व ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्तींना जुन्या फारसी साहित्यात 'सुर्ख बुत' व 'खिंग बुत' म्हटले आहे. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या उद्ध्वस्त केल्या. बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुत' हा 'बुद्ध' शब्दाचाच अपभ्रंश असल्याचे दाखवून दिले होते. ज्यांनी देवत्व नाकारले, त्यांचेच नाव मूर्तिवाचक ठरावे, हा इतिहासातील दारुण विपर्यास होय.

पूर्वेकडील कथा निराळी आहे. चिनी भाषेत 'फो' रूढ झाला. जपानीत त्याच अक्षराचे वाचन 'होतोके' असे असून मृत व्यक्तीसही तो शब्द लावतात. तुर्की व मंगोल भाषांत चिनी ध्वनीस 'खान' जोडून 'बुर्खान' झाला. मंगोलांत तो देवासही लावतात. व्हिएतनामी लोककथांत मात्र रडणाऱ्या अनाथ मुलीस दुःखाचे कारण विचारणारा कनवाळू वृद्ध म्हणजे 'बुट'. तेथे शब्दार्थ लोपला, तरी करुणा उरली.

तिबेटी भाषांतरकारांनी ध्वनी न घेता अर्थ घेतला. त्यांच्या 'संग्ये' या शब्दात अज्ञानाचे निरसन आणि ज्ञानाचा विकास या दोन्ही कल्पना आल्या आहेत.

या प्रवासातून आपण काय शिकावे? शब्द उच्चारल्याने अर्थ टिकत नाही. तो समजून घ्यावा लागतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तथागतांस मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटले आहे. आपल्या विहारांतही 'बुद्ध'चा 'बुत' होऊ नये, याची जबाबदारी आता आपलीच आहे.