संज्ञा तीच, अर्थ निराळा : जीवविज्ञानातील चार इंग्रजी शब्दांचा अर्थेतिहास

प्रस्तावना :

महाविद्यालयीन वर्गात जीवशास्त्राच्या अध्यापनाचा प्रारंभ बहुधा एका व्युत्पत्तीने होतो. ग्रीक 'बायोस' म्हणजे जीवन व 'लॉगॉस' म्हणजे विवेचन, म्हणून 'बायोलॉजी' म्हणजे जीवनाचे शास्त्र, असे फळ्यावर लिहिले जाते आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. पुढे 'सेल' म्हणजे लहान खोली, 'इव्होल्यूशन' म्हणजे उलगडणे, अशी भर पडत जाते. या व्युत्पत्ती चुकीच्या नाहीत. परंतु व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. शब्द योजणाऱ्यास त्या वेळी काय दिसत होते, एवढेच व्युत्पत्ती सांगते. ज्ञान पुढे गेल्यावरही शब्द तोच राहतो आणि त्याच्या पोटात नवा अर्थ भरला जातो. काही वेळा तर ज्या समजुतीतून शब्द जन्मला ती समजूत चुकीची ठरते व शब्द मात्र टिकून राहतो. प्रस्तुत लेखात बायोलॉजी, सेल, इव्होल्यूशन आणि जीन या चार संज्ञांच्या संदर्भात या प्रक्रियेचा मागोवा घेतला असून, या संज्ञा मराठीत येताना कोणता अर्थ बरोबर आला आणि कोणता मागे राहिला, याचाही विचार केला आहे.

बायोलॉजी : एका वादग्रस्त ग्रंथातून आलेला शब्द

प्राचीन ग्रीक भाषेत जीवनासाठी दोन शब्द रूढ होते. प्राण असणे, सजीव असणे या अर्थी 'झोई' आणि आयुष्यक्रम, जगण्याची रीत या अर्थी मुख्यतः 'बायोस'. चरित्राला 'बायोग्राफी' म्हणतात ते या दुसऱ्या अर्थानेच. काटेकोरपणे पाहता सजीवत्वाच्या शास्त्राला 'झोई'वरून नाव पडावयास हवे होते. पण 'झूऑलॉजी' हे नाव प्राण्यांच्या अभ्यासाने आधीच अडवून ठेवले होते. १८०० मध्ये जर्मनीत कार्ल फ्रीड्रिख बुर्डाख यांनी 'बायोलॉजी' हा शब्द मनुष्याच्या अभ्यासापुरता वापरला. १८०२ मध्ये जर्मनीत ट्रेव्हिरानुस आणि फ्रान्समध्ये लामार्क यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याला सर्व सजीवांचे शास्त्र हा व्यापक अर्थ दिला.

इंग्रजीत या व्यापक अर्थाचा शब्द आणण्याचे श्रेय सामान्यतः शल्यचिकित्सक विल्यम लॉरेन्स यांना दिले जाते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये दिलेली त्यांची व्याख्याने १८१९ मध्ये ग्रंथरूपाने आली. जीवन हे शरीररचनेचेच कार्य आहे, त्यासाठी वेगळे प्राणतत्त्व मानण्याचे कारण नाही, असा त्यांचा प्रतिपाद्य विषय होता. त्यांचे गुरू जॉन ॲबरनेथी यांनी त्याला तीव्र विरोध केला आणि धर्मनिष्ठ वर्तुळांत एवढा गहजब झाला की लॉरेन्स यांना ग्रंथ मागे घ्यावा लागला. पुढे एका प्रकाशकाने तो परवानगीशिवाय छापला. १८२२ मध्ये लॉरेन्स न्यायालयात गेले, तेव्हा ग्रंथ धर्मवचनांच्या विरुद्ध असल्याचे कारण देऊन लॉर्ड चान्सलर एल्डन यांनी त्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाकारले. परिणाम असा झाला की ग्रंथ कोणीही छापू लागला. आज इयत्तांच्या वेळापत्रकात निरुपद्रवीपणे बसलेला हा शब्द अशा वादाच्या वाटेने इंग्रजीत स्थिरावला, हे विसरता येत नाही.

तेथेही त्याची वाट सरळ नव्हती. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'इलेक्ट्रो-बायोलॉजी' हे नाव रंगमंचावरील संमोहनाच्या प्रयोगांना होते. टी. एच. हक्स्ली यांनी १८७२ पासून साउथ केन्सिंग्टन येथे शिक्षकांसाठी चालविलेले प्रयोगवर्ग आणि १८७५ मध्ये एच. एन. मार्टिन यांच्यासह लिहिलेले प्रात्यक्षिकांचे पुस्तक, यांमुळे आजचा शैक्षणिक अर्थ दृढ झाला.

सेल : रिकाम्या खोलीत जीव कसा आला

रॉबर्ट हूक यांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ १६६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बुचाच्या कापाचे निरीक्षण सर्वपरिचित आहे. त्या संदर्भात पाठ्यपुस्तकांतून एक कथा हमखास सांगितली जाते : हूक यांना मठातील संन्याशांच्या खोल्या आठवल्या व त्यावरून त्यांनी 'सेल' हे नाव दिले. मूळ मजकुरात संन्यासी कोठेच नाहीत. तेथे आहे ते मधमाश्यांचे पोळे. बुचातील छिद्रे पोळ्यासारखी, मात्र तितकी नियमित नाहीत, असे हूक म्हणतात आणि त्यांना कधी छिद्रे, कधी सेल, तर कधी लहान पेट्या असे संबोधतात. पोळ्यातील घराला 'सेल' म्हणण्याचा इंग्रजी प्रघात त्यापूर्वीचाच होता. लॅटिन 'सेला' म्हणजे कोठी, लहान खोली. मठातील खोली आणि पोळ्यातील घर या त्या एकाच शब्दाच्या दोन शाखा असल्याने कथेचा उगम समजण्यासारखा आहे. पण ती कथाच होय.

हूक यांनी या पोकळ्या मोजल्या होत्या. एका इंच लांबीत हजारांहून अधिक, आणि त्या हिशेबाने एका घन इंचात १,२५,९७,१२,००० एवढ्या. जिवंत, हिरव्या वनस्पतींत या पोकळ्या रसाने भरलेल्या असतात, हेही त्यांनी नोंदविले. मात्र हा रस म्हणजेच सजीव द्रव्य, असा त्यांचा विचार नव्हता. नाव पोकळीला होते. आतील द्रव्याला नव्हे. समकालीन नेहेमाया ग्र्यू आणि मार्सेलो माल्पीगी यांनी पिशवी, बुडबुडा अशा अर्थाचेही शब्द वापरले होते. अठराव्या शतकात तर 'सेल्युलर टिश्यू' या नावाने प्राण्यांच्या शरीरातील सच्छिद्र संयोजी ऊती ओळखली जाई, जिचा आजच्या 'सेल'शी संबंध नाही. तत्कालीन शरीररचनाशास्त्राचे इंग्रजी वाचताना अभ्यासकाची येथे हटकून फसगत होते.

एकोणिसाव्या शतकात लक्ष भिंतीवरून आत वळले. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी आमराच्या पेशींतील केंद्रकाकडे लक्ष वेधले. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींसंबंधी व १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांसंबंधी पेशीसिद्धान्त मांडला. श्वान यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८४७ मध्ये झाला. १८५५ मध्ये फिरखो यांनी पेशी ही पेशीपासूनच उत्पन्न होते हे सूत्र मांडले. या सर्व मांडणीत जुना शब्द तसाच पुढे आला. मात्र प्राण्यांच्या पेशींना वनस्पतींसारखी भिंत नसते, ही अडचण उरलीच होती. भिंतच नसेल तर खोली कसली? १८६१ मध्ये माक्स शुल्ट्झे यांनी केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा म्हणजे पेशी, अशी व्याख्या करून भिंतीची अट काढूनच टाकली. अर्थ आता मूळ शब्दाच्या नेमका उलट झाला होता : पोकळीचे नाव भरीव गोळ्याला लागले होते.

ही विसंगती तज्ज्ञांना दिसत नव्हती असे नाही. युलिउस झाख्स यांनी १८९२ मध्ये 'एनर्जिड' ही पर्यायी संज्ञा सुचविली. अमेरिकन शास्त्रज्ञ ई. बी. विल्सन यांनी १८९६ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात 'सेल' हे नाव मुळातच चुकीचे असल्याचे नमूद केले. पण त्याच ग्रंथाच्या शीर्षकात त्यांना तोच शब्द वापरावा लागला.

इव्होल्यूशन : डार्विन यांनी टाळलेला शब्द

लॅटिन 'इव्होल्युशिओ' म्हणजे गुंडाळलेली पोथी उलगडणे. पोथीत काय लिहिले आहे ते आधीच ठरलेले असते, उलगडताना ते केवळ दिसू लागते. १७४४ मध्ये आल्ब्रेख्ट फॉन हालर यांनी ही संज्ञा भ्रूणविज्ञानात वापरली ती याच अर्थाने. बीजात संपूर्ण जीव सूक्ष्मरूपाने आधीच घडलेला असून वाढ म्हणजे त्याचे उलगडणे, या पूर्वरचनावादाचे ते नाव होते. चार्ल्स लायेल यांनी १८३२ मध्ये लामार्क यांच्या मताची चर्चा करताना जातींच्या परिवर्तनासाठी हा शब्द वापरलेला आढळतो.

डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत मात्र 'इव्होल्यूशन' हे नाम नाही. त्याचे क्रियापदरूप तेवढे ग्रंथाच्या अगदी अखेरच्या शब्दात येते. त्यांची स्वतःची संज्ञा 'परिवर्तनासह वंशपरंपरा' अशा अर्थाची होती. आधीच लिहिलेल्या पोथीचे रूपक त्यांच्या सिद्धान्ताशी जुळणारे नव्हते, कारण नैसर्गिक निवडीत पुढचे पान कोरे असते. शिवाय प्रगतीची छटाही त्यांना खटकत होती. १८४४ च्या एका निनावी ग्रंथाच्या आपल्याकडील प्रतीत त्यांनी 'उच्च' व 'नीच' हे शब्द वापरू नयेत अशी स्वतःसाठी नोंद केली होती. अर्थात हा नियम त्यांना सर्वत्र पाळता आला नाही.

शब्द रूढ केला तो हर्बर्ट स्पेन्सर यांनी. तारे, समाज, भाषा, जीव या सर्वांना लागू होणारा, साधेपणाकडून जटिलतेकडे जाणारा एक विश्वनियम त्यांना या शब्दात सापडला. स्पेन्सर यांच्या लेखनाचा प्रभाव एवढा होता की अखेर १८७१ चा मानवविषयक ग्रंथ आणि १८७२ ची आधीच्या ग्रंथाची सहावी आवृत्ती यांत डार्विन यांनीही तो स्वीकारला. सिद्धान्त डार्विन यांचा आणि नाव स्पेन्सर यांच्या आवडीचे, अशी ही जोडी आहे. उत्क्रांती म्हणजे प्रगतीची शिडी व तिच्या टोकावर मनुष्य, ही जी समजूत उत्तरपत्रिकांत आजही भेटते, तिचा काही दोष या नावाकडेही जातो.

जीन : हेतुतः रिकामा ठेवलेला शब्द

मेंडेल यांच्या १८६६ च्या निबंधात जीन नाही. डार्विन यांनी १८६८ मध्ये 'पॅनजेनेसिस' ही कल्पना मांडली. तीवरून ह्यूगो द व्ह्रीस यांनी १८८९ मध्ये 'पॅनजीन' हा शब्द बनविला आणि १९०९ मध्ये डेन्मार्कचे विल्हेल्म योहानसेन यांनी त्यातील 'पॅन' छाटून 'जीन' उरविला. 'जेनेटिक्स' हे शास्त्राचे नाव मात्र त्याहून जुने. बेटसन यांनी ते १९०५ मध्ये एका पत्रात सुचविले होते. मूल झाले नव्हते, पण घराण्याचे नाव ठरले होते, असा हा प्रकार.

योहानसेन यांची दृष्टी येथे विशेष लक्षणीय आहे. हा शब्द कोणत्याही गृहीतकापासून मुक्त असावा, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. जीन कशाचा बनला आहे, कोठे आहे, याविषयी त्यांनी बुद्ध्याच काही सांगितले नाही. १९३४ मध्ये नोबेल व्याख्यान देताना टी. एच. मॉर्गन यांनीही जीन वास्तव की काल्पनिक याविषयी आनुवंशिकीतज्ज्ञांत एकमत नसल्याचे सांगितले. १९४४ मध्ये एव्हरी व सहकाऱ्यांचे प्रयोग, १९५३ मध्ये डीएनएची रचना, १९७७ मध्ये खंडित जीनांचा शोध, या प्रत्येक टप्प्यावर अर्थ बदलला आणि शब्दाला बाधा आली नाही. रिकामे भांडे असल्यामुळेच ते कोणत्याही अर्थाला पुरले.

मराठी प्रतिशब्दांतील अर्थांतर

इंग्रजी शब्दांना जसा पूर्वेतिहास आहे तसाच त्यांच्यासाठी निवडलेल्या संस्कृतोद्भव शब्दांनाही आहे. 'जनुक' या शब्दाची निवड सुदैवी म्हणावी लागेल. ग्रीक 'जेनोस' आणि संस्कृत 'जन्' हे एकाच मूळ धातूचे आप्त आहेत, त्यामुळे ध्वनी व अर्थ दोन्ही साधले. शिवाय घोड्यावरील खोगिराला मराठीत आधीच 'जीन' म्हणत असल्याने होणारा घोटाळाही टळला.

'उत्क्रांती'चे तसे नाही. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे प्राणाचे देहातून निघून जाणे. मरणसमयीच्या घटनेचा वाचक असलेला शब्द जीवसृष्टीच्या परिवर्तनासाठी योजला गेला, आणि 'उत्' या उपसर्गातील वर जाण्याची छटा प्रगतीच्या कल्पनेला पोषक ठरली. डार्विन जी छटा टाळू पाहत होते ती मराठीत शब्दाच्या पहिल्या अक्षरातच आहे. मराठी विश्वकोशात 'क्रमविकास' ही संज्ञाही वापरली आहे. परंतु 'विकास' हा शब्द भ्रूणाच्या वाढीलाही लागू होत असल्याने तेथे हालर यांचा जुना घोटाळा पुन्हा दारात येतो. बंगालीतील 'विवर्तन' दिशेच्या बाबतीत अधिक तटस्थ आहे.

सर्वांत रंजक इतिहास 'पेशी'चा. सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशींची संख्या ५०० आणि स्नायूंची ९०० सांगितली आहे. तेथे पेशी म्हणजे मांसाचे गोळे, म्हणजे आजचे स्नायू. आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतुमय बंध. हिंदी व बंगालीने 'पेशी'चा हा अर्थ राखला आणि 'सेल'साठी अनुक्रमे 'कोशिका' व 'कोष' घेतले. मराठीने 'पेशी' हा शब्द 'सेल'ला देऊन टाकला व रिकाम्या झालेल्या जागी 'स्नायू' आणून बसविला. विश्वकोशात 'कोशिका' आढळते, पण वर्गात व वृत्तपत्रांत पेशीच रूढ आहे. यातील योगायोग असा की 'कोश' म्हणजे आवरण, म्हणून 'कोशिका' हूक यांच्या १६६५ च्या पोकळीशी निष्ठा राखते. मांसाच्या गोळ्याचा वाचक 'पेशी' हा शब्द मात्र शुल्ट्झे यांच्या १८६१ च्या व्याख्येशी अधिक जुळतो. कोणीही तसे योजलेले नसताना मराठी प्रतिशब्द मूळ इंग्रजी शब्दापेक्षा अचूक ठरला आहे.

त्याची किंमतही मराठी विद्यार्थीच देतो. हिंदी माध्यमातील संदर्भग्रंथ हाती आला की 'पेशी' व 'स्नायु' या दोन्ही शब्दांपाशी तो अडखळतो, कारण हिंदीत 'स्नायु' पुष्कळदा चेतातंतूंसाठी वापरला जातो. 'मांसपेशी' हा शब्द तर आता मराठीतही सर्रास ऐकू येतो. एखाद्या विद्यार्थ्याने त्याचा अर्थ 'मांसातील सेल' असा लावला, तर तो निष्काळजीपणा म्हणता येत नाही. त्याने आयुर्वेदातील शब्दाला मराठी पाठ्यपुस्तकातील अर्थ लावलेला असतो.